उंबरठ्यावर थांबलेले पाऊल



गेल्या आषाढी एकादशीस आपल्या मंदिरात घडलेला एक प्रसंग आज आम्ही आपल्यासमोर ठेवणार आहो. त्यात अपराध आमचा आहे, म्हणून तो आम्हीच सांगणे योग्य. ज्या सुदाम्याच्या नावाने आपली ही वसाहत ओळखली जाते, त्याच्या कथेचे मर्मही आम्हांस त्या प्रसंगानंतरच थोडेसे उमगले.

त्या दिवशी सकाळपासून दर्शनाची रांग सभामंडपाबाहेर पोचली होती. आपल्या भजनी मंडळात तीस वर्षे पखवाज वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना लहानथोर सारेच काका म्हणून हाक मारतात, हाती तुळस घेऊन रांगेत होते. गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी येताच त्यांचे पाऊल थांबले. एक क्षण गेला, दोन गेले, पाऊल उचलेना. हातातील तुळस थरथरत होती आणि चेहरा मात्र निर्विकार होता. मागून कुजबूज सुरू झाली. व्यवस्थेचा भार आमच्याकडे असल्यामुळे आम्ही जरा चढ्या आवाजात म्हणालो, "काका, चला लवकर, मागे लोक खोळंबले आहेत." त्यांनी प्रयत्न केला, पण पाय जणू जमिनीस चिकटले होते. कोणीतरी पुढून त्यांचा हात ओढला, ते झोक जाऊन पडता पडता वाचले आणि तुळस खाली सांडली. सूनबाईंनी त्यांना सावरून बाजूस नेले. त्यांनी खांबाआडून हात जोडले आणि ते घरी गेले.

त्यानंतर दोन महिने काका मंदिरात आले नाहीत. पखवाज कोपऱ्यात गवसणीत पडून राहिला. भाद्रपदात आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा काका क्षीण आवाजात म्हणाले, "तुमच्यावर राग नाही हो. पाय एरवी माझे ऐकतात. पण उंबरठा आला की आतून कोणी कडी घालतो. तुम्ही 'लवकर' म्हणालात, त्याने ती अधिकच घट्ट बसली."

त्यांना कंपवात झाला होता. इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या व्याधीचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला, म्हणून जगात ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. काकांच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून जे ऐकले व पुढे जे वाचले, ते सांगितल्यावाचून आमच्या अपराधाचे स्वरूप कळणार नाही. म्हणून प्रथम या देहरूपी रथातील यंत्रणेचा थोडा विचार करू.

कठोपनिषदात देहाला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. आपण हात उचलतो तेव्हा आपल्याला वाटते की इच्छा झाली आणि हात उठला. वस्तुतः इच्छा व हालचाल यांच्यामध्ये एक मोठा कारभार चालतो. मेंदूच्या वरच्या थरातील एका पट्ट्यातून स्नायूंना आज्ञा निघते. त्या आज्ञेचे बहुतेक तंतू खाली येताना बाजू बदलतात, म्हणून उजवा हात डाव्या मेंदूच्या सत्तेखाली असतो. परंतु आज्ञा देणे म्हणजे सारे नव्हे. ती किती जोराने, नेमक्या कोणत्या क्षणी आणि कोणत्या क्रमाने पाळली जावी, हे पाहणारे आणखी दोन अधिकारी आहेत.

पहिला अधिकारी म्हणजे डोक्याच्या मागील खालच्या बाजूस असलेला लघुमेंदू. वजनाने तो एकंदर मेंदूच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका. परंतु ब्राझीलच्या संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार मेंदूतील सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज या लहानशा भागात आहेत. योजिलेली हालचाल आणि घडलेली हालचाल यांचा मेळ घालणे, चूक झाली तर पुढल्या वेळी सुधारणे, क्षणाच्या अल्प अंशाचाही हिशेब ठेवणे, हे त्याचे काम. अंधारात देवापुढील घंटेकडे हात नेला असता तो अलगद घंटेवर पडतो, ही त्याचीच कृपा.

दुसरा अधिकारी मेंदूच्या खोल गाभ्यात वसतो. तेथे चेतापेशींचे काही पुंजके आहेत. त्यांना आपण गाभ्यातील द्वारपाल म्हणू. मंदिराच्या दाराशी जय-विजय उभे असतात, तसेच हे. आश्चर्य असे की, यांचे मुख्य काम 'हो' म्हणण्याचे नसून 'नको' म्हणण्याचे आहे. देहात एकाच वेळी अनेक हालचाली उमटू पाहतात. हे द्वारपाल त्या सर्वांना अडवून धरतात आणि जी हवी असेल तेवढ्याच एकीची वाट मोकळी करतात. त्यांना वाट मोकळी करण्यास साहाय्य करणारे डोपामीन नावाचे एक रसायन आहे. ते मेंदूच्या बुंध्याशी असलेल्या एका काळसर भागातील पेशी तयार करतात. कंपवातात त्या पेशी हळूहळू नष्ट होतात; हाताचा कंप किंवा चालीचा मंदपणा घरच्यांच्या ध्यानी येईपर्यंत त्यांचा मोठा भाग गेलेला असतो. मग द्वारपाल 'नको' म्हणत राहतात आणि वाट मोकळी होत नाही. काकांनी जिला आतली कडी म्हटले, ती हीच.

काकांना ही गोष्ट आम्ही त्यांच्याच वाद्याच्या भाषेत सांगितली, तेव्हा ते हसले. पखवाजाच्या डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक लावावी लागते. कणीक सुकली किंवा झडली, तर तो घुमारा येत नाही. तेव्हा वाजविणाऱ्याची विद्या गेली, असे कोणी म्हणेल काय? हात तोच, बोल तेच, गुरूने दिलेले ज्ञान तेच. वाद्यास कणीक तेवढी हवी. कंपवातावरील मुख्य औषध जे लेव्होडोपा, ते या कणकेसारखे आहे. मेंदूत पोचल्यावर त्याचे डोपामीन बनते. त्याने रोग नाहीसा होत नाही. पण काही तास वाद्य बोलू लागते, आणि म्हणून कणीक पुनःपुन्हा लावावी लागते. डोपामीनचे हे महत्त्व दाखविणारे स्वीडनचे आर्व्हिद कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपल्याकडे आयुर्वेदात वापरली जाणारी कपिकच्छु, म्हणजे आपली खाजकुइली, हिच्या बियांतूनही हाच लेव्होडोपा दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी 1937 साली वेगळा काढला होता. मात्र हे ऐकून कोणी आपल्या मनाने चूर्ण घेऊ नये. मात्रा ठरविणे हे वैद्याचेच काम.

आता काळाचे, म्हणजे लयीचे पाहू. आपण इंदूरकर लयीच्या बाबतीत भाग्यवान आहो. एकोणिसाव्या शतकात होळकरांच्या या नगरीत पखवाजाचे आचार्य नानासाहेब पानसे होऊन गेले. त्यांच्या नावाचे घराणे झाले आणि सखारामपंत आगळे यांच्यासारख्या शिष्यांनी ती विद्या पुढे नेली. पुढे याच नगरीचे नाव उस्ताद अमीर खाँ यांच्या अतिविलंबित गायकीशी जोडले गेले. चौदा मात्रांचा झुमरा इतका संथ चालावा की नवख्या श्रोत्यास दोन मात्रांमधील अंतर म्हणजे केवळ पोकळी वाटावी. परंतु गाणाऱ्याच्या आत ती पोकळी मोजली जात असते. हे आतले मोजणे ज्या यंत्रणेवर चालते, तिच्यात त्याच द्वारपालांचा मोठा वाटा आहे. चालणे हाही एक ताल आहे. डावे, उजवे, डावे, उजवे. निरोगी माणसास तो आतून मिळतो. कंपवाताच्या रुग्णाचा हा आतला ताल मंदावतो, तुटतो, कधी अकस्मात थांबतो. विशेषतः अरुंद दार, वळण, गर्दी आणि घाई या चार ठिकाणी पाऊल गोठते. आपल्या गाभाऱ्याचा उंबरठा एकादशीच्या दिवशी पाहा. चारही गोष्टी तेथे एकत्र नांदत होत्या, आणि घाई आम्ही घातली होती.

परंतु निसर्गाने एक दुसरी वाटही ठेविली आहे. आतला ताल हरपला तरी बाहेरून आलेल्या तालावर पाय चालू शकतात. कारण कानाने ऐकलेल्या ठेक्यास किंवा डोळ्याने पाहिलेल्या खुणेस प्रतिसाद देताना मेंदू काही अंशी निराळ्या मार्गांचा आश्रय घेतो. जमिनीवर आडव्या रेघा आखल्या की गोठलेले पाऊल रेघ ओलांडण्यासाठी उचलले जाते. सपाट जमिनीवर अडणारा रुग्ण कित्येकदा जिना सहज चढतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाची संस्था रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना आधार देण्याचे कार्य करीत आली आहे, आणि तेथेच नर्तक हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले. ज्यांना खुर्चीतून उठणे कठीण, ते संगीताच्या साथीने हातपाय हलवू लागले. वारीत टाळमृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळणारी वृद्ध मंडळी आपण पाहिली आहेत. थकलेल्या पायांस ताल उचलून धरतो, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जाणले होते. आज त्याचे कारणही थोडेफार कळू लागले आहे.

आता अवधानाकडे वळू, कारण या प्रवचनाचे मर्म तेथे आहे. घरातील माउली पोळी लाटताना मुलाचा पाढा ऐकते आणि दारावरच्या भाजीवाल्याशी भावही करते. पोळी मात्र गोलच येते. हे कसे साधते? पहिल्या दिवशी पोळी लाटताना तिने सारे चित्त त्या लाटण्यावर ठेविले होते. पुढे सराव झाला आणि ते काम अवधानाकडून सवयीकडे गेले. सवय हीही त्या गाभ्यातील यंत्रणेकडे सोपविलेली ठेव आहे. त्यामुळे अवधान मोकळे राहते. आणि अवधान तर फार थोडे आहे, एका वेळी एकाच गोष्टीस पुरेल एवढेच. फोनवर बोलत फूटी कोठीच्या चौकातून दुचाकी हाकणारा तरुण आपण रोज पाहतो. त्याचे डोळे रस्त्यावर असतात, पण चित्त संभाषणात असते. म्हणून समोरचे दिसूनही दिसत नाही.

कंपवाताच्या रुग्णाची ही सवयीची ठेवच हरवत जाते. आपण न कळत टाकतो ते प्रत्येक पाऊल त्याला चित्त लावून टाकावे लागते. चालता चालता कोणी "काय काका, बरे आहात ना?" असे विचारले, तर उत्तर देण्यासाठी त्याला थांबावे लागते, कारण चालणे आणि बोलणे या दोहोंस पुरेल इतके अवधान त्याच्यापाशी उरलेले नसते. हा उद्धटपणा नव्हे आणि बुद्धिभ्रंशही नव्हे. चेहरा हसत नाही, कारण चेहऱ्याचे स्नायूही त्याच द्वारपालांच्या ताब्यात आहेत. मनात आनंद नाही, असा त्याचा अर्थ करू नये.

येथे आम्हांस स्वतःची लाज वाटली. आम्ही गेली कित्येक वर्षे रोज मंदिरात येतो. अकरा प्रदक्षिणा घालतो, माळ ओढतो, आरती म्हणतो. खरे सांगावयाचे तर त्यांतील किती पावले देवाकडे पडली? प्रदक्षिणा पायांनी घातली आणि मनाने राजवाड्याच्या बाजारात हिंडून आलो. माळेचे मणी बोटांनी मोजले आणि चित्ताने घरभाडे मोजले. सवय ही देवाची मोठी देणगी खरी. परंतु भक्ती सवयीच्या स्वाधीन केली की ती निजते. उलट काकांनी आषाढीस उंबरठ्यापर्यंत जी वीस पावले टाकली, त्यांतील एकही सवयीने पडले नव्हते. प्रत्येकामागे संकल्प होता, प्रयत्न होता, पूर्ण अवधान होते. देवाच्या दारी पावलांचा हिशेब होत असेल, तर त्या वीस पावलांपुढे आमच्या वर्षभराच्या प्रदक्षिणा कोठे उभ्या राहतील?

यावरून रोग हा देवाचा प्रसाद आहे, असे कोणी समजू नये. ज्याच्या घरी ही व्याधी आहे, त्यास असे बोल ऐकवणे क्रूरपणाचे आहे. त्याचप्रमाणे पूर्वजन्मीचे पाप म्हणून ही व्याधी जडली, असे बोलणेही आम्ही आजपासून सोडले आहे. भगवद्गीतेच्या 18 व्या अध्यायात कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत. कर्ता हे त्यांतील केवळ एक. ज्यावर कर्म घडते तो देह, जी साधने लागतात ती इंद्रिये, त्यांचे नानाविध व्यापार आणि दैव ही उरलेली. साधन अडले म्हणून कर्त्यास दोष देणे हे गीतेच्या शिकवणीस धरून नाही. आणि ज्याचे पाय धडधाकट चालतात, त्याने त्याचा अहंकारही धरू नये. ते पाय चालविणाऱ्या अब्जावधी पेशींपैकी एकही त्याने स्वतः घडविलेली नाही.

आता सुदाम्याकडे येऊ. फाटके वस्त्र नेसून, पोह्यांची पुरचुंडी काखेस मारून तो द्वारकेस निघाला. कीर्तनकार रंगवून सांगतात की, राजवाड्याच्या दाराशी येताच त्याचे पाऊल अडखळले. आत जावे की परतावे? द्वारपाल काय म्हणतील? त्या वेळी भगवंतांनी काय केले? 'त्याला लवकर आत येण्यास सांगा, मागे लोक खोळंबले आहेत,' असा निरोप धाडला काय? भागवताच्या दशम स्कंधात सांगितले आहे की, श्रीकृष्णांनी त्याला दुरून पाहताच आसन सोडले, सामोरे जाऊन मित्रास दोन्ही बाहूंनी कवटाळले आणि आपल्या हाताने त्याचे पाय धुतले. पाऊल सुदाम्याचे अडले, पण उंबरठा ओलांडला देवाने. ज्या वसाहतीने सुदाम्याचे नाव धारण केले, तिच्यातील मंदिराच्या दारी एका वृद्धाचे पाऊल अडावे आणि आपण त्यास ओढावे, याहून मोठी विसंगती कोणती?

म्हणून कार्यकारी मंडळींशी विचारविनिमय करून आम्ही काही गोष्टी ठरविल्या आहेत, आणि प्रत्येक कुटुंबाने त्या लक्षात ठेवाव्यात अशी विनंती आहे. गाभाऱ्याच्या उंबरठ्यापूर्वी जमिनीवर पाऊलभर अंतराने पिवळ्या आडव्या पट्ट्या रंगविल्या आहेत. त्यांवर कोणी चपला, पाट वा पूजेचे साहित्य ठेवू नये. कोणाचे पाऊल थांबलेले दिसले, तर त्यास ओढू अथवा ढकलू नये आणि 'लवकर' हा शब्द उच्चारू नये. शेजारी उभे राहावे, त्यांना क्षणभर स्थिर होऊ द्यावे, मग शांतपणे 'एक, दोन, एक, दोन' असे मोजावे किंवा हलका ठेका धरावा. ते चालत असताना प्रश्न विचारू नयेत. घरी औषधाची वेळ काटेकोर सांभाळावी. एकादशीच्या उपासासाठी गोळी चुकवू नये, आणि उपास करावयाचाच असेल तर प्रथम डॉक्टरांना विचारावे. नियम पाळताना देह मोडावा, असे देवाने कोठेही मागितलेले नाही.

कार्तिकी एकादशीस काका आले. सूनबाई बरोबर होत्या. रांग थांबली, पण या वेळी कोणी काही बोलले नाही. उंबरठ्याशी पाऊल अडले तेव्हा भजनी मंडळातील एका मुलाने काकांचाच पखवाज पुढे ओढला आणि भजनी ठेका धरला. आठ मात्रांचा, संथ. आम्ही टाळ घेतले. एक आवर्तन गेले. दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर काकांनी पहिल्या पट्टीवर पाऊल ठेविले, मग दुसऱ्या, आणि मग ते आत होते. हातातील तुळस थरथरतच होती. तशीच ती देवाच्या चरणी वाहिली गेली.

पुढल्या गुरुवारी पुन्हा त्यांचे पाऊल अडले, हेही सांगितले पाहिजे. व्याधी आहे तेथेच आहे आणि ती वाढतही जाईल. त्या दिवशी ठेका धरूनही पाय उचलेना, तेव्हा पुजारीबुवांनी तीर्थाचे पात्र उचलले आणि ते स्वतः उंबरठा ओलांडून बाहेर आले.

आमचे प्रवचन येथे संपते. उद्या सकाळी आपण मंदिरात याल, तेव्हा एकच करावे. निदान पहिली सात पावले सवयीने टाकू नयेत. प्रत्येक पाऊल उचलताना 'हे मी देवाकडे टाकीत आहे' असे मनात आणावे. आणि शेजारचे कोणी थांबलेले दिसले, तर तेथेच थांबावे. देव तेवढा वेळ वाट पाहतो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥